गाडी शिकवणारा कसा पारखावा? कोकणातल्या शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेणपासून सावंतवाडीपर्यंत ड्रायव्हिंग स्कूलचे फलक जागोजागी दिसतात. कुठला क्लास स्वस्त आणि कुठला लवकर लायसन्स काढून देतो, हे लोक विचारतात. शिकवणारा कसा शिकवतो, हे विचारणारे कमी. घाट, पाऊस आणि अरुंद रस्ते यांच्या मुलखात हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली. मी स्वतः गाडी शिकवतो आणि शिकवणाऱ्यांबरोबर बसून त्यांचे धडे बघतो.

आपल्याकडे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला ग्रेड मिळते का?

नाही. आपल्याकडे शिक्षकाची पात्रता तपासली जाते, शिकवणं तपासलं जात नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २४ ड्रायव्हिंग स्कूलच्या परवान्याचा आहे. त्यानुसार शिकवणारा किमान दहावी उत्तीर्ण हवा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि मोटर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र किंवा त्याहून वरचं शिक्षण हवं. गाडीला ड्युअल कंट्रोल हवा, म्हणजे शिक्षकाच्या बाजूलाही क्लच-ब्रेक. स्कूलचा परवाना पाच वर्षांचा. शिकणाऱ्यांची नोंद फॉर्म १४ मध्ये आणि प्रत्यक्ष किती तास गाडी चालवली याची नोंद फॉर्म १५ मध्ये ठेवायची. नियम ३१ मध्ये अभ्यासक्रमही दिला आहे. खासगी चारचाकीसाठी किमान २१ दिवस आणि स्टिअरिंगवर किमान १० तास.

या अटी आवश्यक आहेत, पण शिकवणारा गाडीत काय बोलतो, कधी बोलतो आणि शिकणाऱ्याला त्यातून काय उमगतं, हे त्यांतली एकही अट सांगत नाही. पाच वर्षं सुरेख गाडी चालवलेल्या माणसाला ती शिकवता येईलच असं नाही. गाडी चालवणं हात-पाय करतात. शिकवायला मात्र दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखावं लागतं.

मग शिकवण्यालाच ग्रेड देतात, असं कुठे आहे?

ब्रिटनमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. पैसे घेऊन गाडी शिकवायची तर तिथे सरकारी नोंदवहीत नाव लागतं. ते काम डीव्हीएसए ही सरकारी संस्था बघते. नाव लागण्याआधी तीन परीक्षा असतात. पहिली लेखी ज्ञानाची आणि धोका ओळखण्याची, दुसरी स्वतःच्या ड्रायव्हिंगची, तिसरी शिकवण्याची. पहिल्या दोन पास झालेल्याला सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना घेऊन शिकवता येतं. तेव्हा काचेवर गुलाबी बिल्ला असतो, पूर्ण पात्र झाल्यावर हिरवा.

एवढ्यावर सुटका नाही. नोंदणी चार वर्षांची, आणि त्या चार वर्षांत किमान एकदा शिक्षकाची पुन्हा तपासणी होते. पूर्वी या तपासणीत सहापर्यंतचे आकडे मिळायचे. एप्रिल २०१४ पासून नवी पद्धत आली आणि आता अ, ब किंवा नापास असे तीनच निकाल आहेत.

तपासणीच्या दिवशी नेमकं काय होतं?

तपासनीस मागच्या सीटवर बसतो. पुढे शिक्षक आणि त्याचा खराखुरा विद्यार्थी. साधारण ४५ मिनिटांचा नेहमीचा धडा चालतो, तपासनीस मध्ये बोलत नाही. धडा संपल्यावर तो शिक्षकाला निकाल आणि त्यामागची कारणं सांगतो.

त्याच्या हातातल्या कागदावर १७ मुद्दे असतात. धड्याच्या आखणीचे ४, जोखीम सांभाळण्याचे ५ आणि शिकवण्याच्या पद्धतीचे ८. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे ती गोष्ट दिसलीच नाही, तीन म्हणजे पूर्णपणे दिसली. एकूण ५१ गुण. ४३ किंवा जास्त मिळाले तर अ, ३१ ते ४२ ला ब, ३० पर्यंत नापास. लागोपाठ तीनदा नापास झालेल्याचं नाव नोंदवहीतून काढतात आणि त्याला पुन्हा पहिल्या परीक्षेपासून सुरुवात करावी लागते.

आणखी एक अट मला फार मोलाची वाटते. जोखमीच्या पाच मुद्द्यांत १५ पैकी ७ किंवा कमी गुण मिळाले, तर बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी असले तरी शिक्षक नापास.

जोखमीला इतकं वजन कशासाठी?

कारण धडा खऱ्या रस्त्यावर चालतो. ते पाच मुद्दे आपल्याच रस्त्यावर ठेवून बघू.

समजा, चिपळूणची एक विद्यार्थिनी पहिल्यांदा परशुराम घाट उतरणार आहे. जुलैचा पाऊस, मागे मालवाहू ट्रक, पुढे एसटी. पहिला मुद्दा असा, की कुठली जबाबदारी कुणाची हे शिक्षकाने गाडी सुटण्याआधी स्पष्ट केलं का? “ताई, वेग आणि गिअर तुम्ही बघा. मागच्या ट्रकवर माझं लक्ष आहे. मी ‘ब्रेक’ म्हटलं तर विचार न करता दाबा, कारण मग सांगतो.” एवढी दोन-तीन वाक्यं पुरतात. ती नसली की विद्यार्थिनीला वाटतं सर सांभाळून घेतील, आणि सरांना वाटतं तिला दिसलंच असेल. दोघांच्या मधल्या या जागेतच अपघात होतो.

दुसरा मुद्दा, सूचना स्पष्ट आणि वेळेत मिळाली का. “इथून डावीकडे!” ही सूचना वळणावर पोचल्यावर दिली तर तिचा उपयोग नाही, उलट घाबरून स्टिअरिंग झटक्यात फिरतं. “पुढे देवळाची कमान दिसते, तिच्या अलीकडे डावीकडे वळायचंय” ही सूचना वेळेत आहे.

तिसरा मुद्दा शिक्षकाच्या लक्षाचा. रस्ता आणि विद्यार्थी, दोन्हींवर त्याचं भान हवं. फोनवर दुसऱ्या बॅचची वेळ ठरवणारा शिक्षक इथे शून्यावर येतो. हे आपल्याकडे इतकं सर्रास दिसतं, की लोकांना त्यात वावगंही वाटत नाही. वाटायला हवं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून फोन घेणं म्हणजे त्या क्षणी गाडीत कुणीच जाणतं नसणं.

चौथा मुद्दा हस्तक्षेपाचा, त्याबद्दल पुढे सांगतो. पाचवा मुद्दा असा, की धोक्याचा प्रसंग घडला तर त्यावर नंतर बोलणं झालं का. समोरून डंपर अंगावर आला, शिक्षकाने ब्रेक मारला, गाडी वाचली. आता पुढची सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि विचारायचं, “डंपर पहिल्यांदा कधी दिसला तुम्हाला? तेव्हा कुठला गिअर होता?” हे न करता “चला, चला, पुढे घ्या” म्हणणारा शिक्षक एक जीव वाचवतो, पण पुढच्या वेळी ड्युअल नसलेल्या गाडीत तीच बाई एकटी असणार आहे, याचा विचार करत नाही.

जो शिक्षक पटकन ब्रेक मारतो तो सावध, म्हणजे चांगला ना?

प्रत्येक वेळी नाही. हस्तक्षेप वेळेवर आणि गरजेपुरता होता का, हे बघतात. आधी प्रश्न, मग सूचना, मग आज्ञा आणि अगदी शेवटी पाय, हा क्रम चांगला शिक्षक पाळतो. “समोर काय दिसतं?” इथपासून सुरुवात करायला दोन सेकंद लागतात. ती दोन सेकंद हाताशी असतील तर वापरायची, नसतील तर सरळ ब्रेक.

काही शिक्षक सतत क्लचवर पाय ठेवून बसतात. गाडी कधी बंद पडत नाही, विद्यार्थी खूश. आणि मग स्वतःच्या गाडीत, लांज्याच्या बाजारात चढावर एसटीच्या मागे थांबल्यावर गाडी मागे सरकते, तेव्हा कळतं की हाफ क्लच इतके दिवस सरच धरत होते.

‘शिकवण्याची पद्धत’ म्हणजे काय? शिकवणं तर सगळीकडे सारखंच.

नाही. आणि मला वाटतं सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

एक शिक्षक दहा दिवस हुकूम देतो. “क्लच दाब, सेकंड टाक, सोड, सोड, हळू सोड, हॉर्न दे.” विद्यार्थी हुकूम पाळायला शिकतो. हुकूम थांबले की तो गोंधळतो. दुसरा शिक्षक तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विचारायला लागतो. “हे वळण कुठल्या गिअरमध्ये घ्याल? का?” उत्तर चुकलं तरी तो लगेच दुरुस्त करत नाही, वळण घेऊ देतो (वेग बेताचा असेल तर) आणि मग विचारतो, “कसं वाटलं? गाडी ओढल्यासारखी झाली की सुटल्यासारखी?” पुढचं वळण विद्यार्थी आपणहून बरोबर घेतो. ब्रिटिश कागदावर यासाठी दोन वेगळे मुद्दे आहेत. विद्यार्थ्याला स्वतःची अडचण स्वतः तपासायला लावलं का, आणि धड्याच्या शेवटी त्याला स्वतःच्या चालवण्याकडे मागे वळून बघायला लावलं का.

याच भागातला आणखी एक मुद्दा म्हणजे दिलेली माहिती पुरेशी आणि अचूक आहे का. आपल्याकडे इथे बऱ्याच जणांचे गुण जातील. “उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं” हे अजूनही शिकवलं जातं. न्यूट्रलमध्ये इंजिनाची रोखून धरण्याची मदत जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप तोडलं जातं, म्हणजे वाचवायला न्यूट्रलची गरजच नाही. “पाऊस लागला की चारही इंडिकेटर चालू करा” हाही असाच सल्ला. गाडी चालती असताना चारही दिवे लुकलुकत असले तर तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. पावसात आणि कशेडीच्या बोगद्यात डिपर लाइट (हेडलाइटचा खालचा झोत) पुरतो. घाटात दोन गाड्या मावत नसतील तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा लेखी नियम आहे. तिथे “ज्याची गाडी मोठी तो आधी” असं शिकवणं चूक आहे आणि घातकही.

कडक, ओरडणारे सर चांगले शिकवतात असं म्हणतात. खरं आहे का?

ओरडण्याने माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाचं लक्ष रस्त्यावरून उडून ओरडणाऱ्याकडे जातं. ठाम असणं वेगळं. “थांबा” हा शब्द ठामच हवा.

बायकांना, वयस्कर माणसांना वेगळं शिकवतात, ते बरोबर आहे का?

माणूस बघून शिकवणं बरोबर, माणसाला कमी लेखणं चूक. भेदभाव न करता वागणं हाही सतरा मुद्द्यांतला एक आहे. “वहिनी, तुम्हाला कशाला हायवे, गावात फिरवता आलं म्हणजे झालं” असं म्हणून धडाच छाटून टाकणारे शिक्षक मी बघितले आहेत. त्याच वहिनींना रात्री आजारी सासऱ्यांना घेऊन रत्नागिरी गाठावी लागते. पूर्ण फी देणाऱ्या माणसाला पूर्ण अभ्यासक्रम मिळायला हवा.

रोज त्याच रस्त्यावर नेतात. हे चालेल का?

पहिले तीन-चार दिवस चालेल. सरावाची जागा विद्यार्थ्याच्या तयारीला साजेशी आहे का आणि आखलेला धडा गरजेप्रमाणे बदलला का, हे आखणीच्या भागात बघतात. कोकणात जागांची वाण नाही. सुरुवातीला सड्यावरचा मोकळा रस्ता किंवा एमआयडीसीचे रुंद रस्ते. मग वाडीतला अरुंद रस्ता, जिथे समोरून टेम्पो आला की मागे घेऊन साइड द्यावी लागते. मग साकवाजवळची आंधळी वळणं, बाजार, घाट, हायवे. शेवटी जमलं तर दाभोळ–धोपावे फेरीबोटीत गाडी चढवणं आणि उतरवणं. उताराची जेट्टी, बोटीवरच्या माणसाचे इशारे, मागेपुढे जेमतेम जागा. क्लचवर ताबा आला आहे की नाही, ते इथे लपत नाही.

धडा सुरू होताना “आज काय करूया? काल कुठे अडलं होतं?” हे विचारणारा शिक्षक आखणी करतो आहे असं समजा. पावसाने रस्ता निसरडा झाला म्हणून घाटाचा बेत रद्द करून ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचा सराव घेणारा तर उत्तमच.

‘आमचे सगळे विद्यार्थी पास’ अशी जाहिरात असते. तोच निकष धरावा का?

एकटा धरू नये. ब्रिटनमध्येही पास होण्याचं प्रमाण मोजतात, पण त्यावरून ग्रेड देत नाहीत. कुणाची तपासणी आधी करायची हे ठरवायला चार गोष्टी बघतात. त्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेत सरासरी किती किरकोळ चुका, किती गंभीर चुका, किती वेळा परीक्षकाला स्वतः गाडी सावरावी लागली आणि किती जण पास झाले. ग्रेड ठरते ती मागच्या सीटवर बसून बघितल्यावरच.

आपल्याकडे तर हा आकडा आणखी जपून घ्यावा. आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा पाठ करून माणूस पास होऊ शकतो. त्याला आंबोली घाटात धुकं उतरल्यावर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

गाडीवरचा ताबा शिकवला, नियम शिकवले. आणखी काय शिकवायचं उरतं?

युरोपात ड्रायव्हिंग शिकवण्याची उद्दिष्टं चार पायऱ्यांत मांडतात. गाडीवरचा ताबा, रहदारीतले प्रसंग, प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती, आणि माणसाचा स्वभाव व जगण्याची पद्धत. आपलं शिकवणं बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतं.

तिसरी-चौथी पायरी कोकणात किती महत्त्वाची, हे गणपतीच्या आदल्या रात्री राष्ट्रीय महामार्ग ६६ वर उभं राहिलं तर समजतं. चाकरमानी दिवसभर नोकरी करून रात्री मुंबईहून निघतो. सकाळी मूर्ती आणायच्या वेळेत गावी पोचायचंच असतं. गाडीत मुलं, सामान, मागे बसलेले काका “घे ओव्हरटेक, जागा आहे” म्हणणारे. त्याचं क्लच-गिअरचं ज्ञान चोख असतं. कमी पडतो तो निर्णय: आज रात्री निघायचं की झोप काढून पहाटे, डोळा लागतोय हे कबूल करून माणगावला गाडी थांबवायची की रेटायची, काकांना नाही म्हणायचं की नाही. या गोष्टी धड्यात बोलता येतात. एखादा प्रसंग सांगायचा आणि विचारायचं, “तुम्ही असता तर?” याला ट्रॅक लागत नाही आणि सिम्युलेटरही लागत नाही.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र आणि नेहमीचं ड्रायव्हिंग स्कूल यांत फरक काय?

जून २०२१ मध्ये अधिसूचना निघून १ जुलै २०२१ पासून नियम ३१ब ते ३१जे लागू झाले. त्यांत मोठ्या केंद्रांची तरतूद आहे. हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर जागा, जड वाहनांसाठी दोन एकर, शिवाय सिम्युलेटर आणि चाचणी ट्रॅक. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा, त्यात ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रत्यक्ष. शिक्षक बारावी उत्तीर्ण हवा. इथून मिळणाऱ्या फॉर्म ५ब प्रमाणपत्रावर आरटीओच्या ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट मिळते. लायसन्स मात्र आरटीओच देतं.

नेहमीच्या स्कूलचा साधा फॉर्म ५ (शिकणं पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र) ही सूट देत नाही. जून २०२४ मध्ये “आता आरटीओत टेस्टच नाही” अशी बातमी फिरली, तेव्हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने हे स्पष्ट केलं होतं. तरी अजून कुणी तसं सांगून जास्त पैसे मागत असेल तर सावध राहा.

घरच्याच माणसाकडून शिकलं तर?

शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ हवा. पण घरच्या गाडीत ड्युअल नसतो, हे विसरू नका. पहिले धडे स्कूलच्या गाडीत घ्या, नंतरचा सराव घरच्यांबरोबर करा. आणि सराव देणारे दादा किंवा बाबा असतील तर त्यांनाही ‘कुठली जबाबदारी कुणाची’ हा मुद्दा आधी वाचायला द्या.

फी भरण्याआधी काय विचारावं?

गाडीत माझ्याबरोबर आणखी कितीजण असतील? चौघांना बसवून एका तासात प्रत्येकाला पंधरा मिनिटं देतात, आणि नोंद मात्र तासाची होते. फॉर्म १५ मधली माझी नोंद मला दिसेल का? रोज एकच शिक्षक असेल का? घाट आणि हायवे अभ्यासक्रमात आहे का? शक्य असेल तर पैसे देण्याआधी दुसऱ्या कुणाच्या धड्याला, त्यांच्या परवानगीने, मागे बसून बघा. दहा मिनिटांत कळतं. शिक्षकच सतत बोलतोय की विद्यार्थीही बोलतोय, एवढं ऐका.

मी स्वतः शिकवतो. आपल्याकडे तपासनीस नाही, तर स्वतःला कसं तपासू?

विद्यार्थ्याला विचारून फोनवर एका धड्याचा आवाज रेकॉर्ड करा आणि रात्री ऐका. आपण किती प्रश्न विचारले आणि किती हुकूम दिले, ते मोजा. पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो, पण याहून स्वस्त आणि खरी तपासणी मला माहीत नाही.

दुसरं, शेजारच्या गावातल्या एखाद्या शिक्षकाशी जोडी करा. त्याने तुमच्या गाडीत मागे बसायचं, तुम्ही त्याच्या. जोखमीचे पाच मुद्दे कागदावर लिहून शून्य ते तीन गुण द्यायचे. बाकीचे बारा मुद्दे पहिल्याच दिवशी धरू नका, जोखमीचे पाच घट्ट झाले की मग पुढचे. एकमेकांचे विद्यार्थी पळवण्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. ज्या जोड्या मी जवळून बघितल्या, त्यांत उलट झालं. घाटाची भीती असलेला विद्यार्थी एकाने दुसऱ्याकडे पाठवला, कारण दुसऱ्याचा घाटाचा धडा चांगला हे त्याने बसून बघितलं होतं.

शिक्षक बेजबाबदार निघाला तर दाद कुठे मागायची?

आधी स्कूलच्या मालकाशी बोला आणि शिक्षक बदलून मागा. बरेचदा तिथेच मिटतं. तास कमी देऊन जास्त नोंदवणं, ड्युअल नसलेल्या गाडीत शिकवणं, फोनवर बोलत शिकवणं, असं काही असेल तर तारीख-वेळ लिहून आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी तक्रार द्या. एमएच-०८ रत्नागिरी, एमएच-०७ सिंधुदुर्ग, एमएच-०६ पेण. नियम २८ प्रमाणे स्कूलचं म्हणणं ऐकून घेऊन परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.